आईनं पुण्यात बाकं मोजली

गेल्या पौषात आईला घेऊन पुण्याला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. आईचं वय ७९. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत आहे. कंडक्टरनं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट दिलं, ते तिनं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारसबागेत निघालो. वाटेत एका चौकात आम्ही निम्म्या रस्त्यात असतानाच दिवा पालटला आणि गाड्या सुटल्या. कॉलेजातल्या एका पोरानं हात आडवा धरला म्हणून पार झालो.

पेशव्यांच्या वेळी इथं तळं होतं, म्हणून हा तळ्यातला गणपती. दर्शन झालं, पण आई रमली ती बाकांवर. पन्नासेक पावलं चालायची, टेकायची, शेजारणीला गाव विचारायची. जवळच पर्वती. तिच्या १०३ पायऱ्या आई लग्नानंतर वडिलांबरोबर चढली होती. आता तिनं खालूनच हात जोडले.

रात्री बहिणीनं विचारलं, "काय पाहिलंस गं आई?"

"बाकं. तेरा मोजली."

आम्ही हसलो. तशी ती म्हणाली, "आपल्याकडं घर सोडलं की मारुतीपर्यंत टेकायला जागा नाही. दोन वर्षं झाली, मारुती पाहिला नाही रे मी."

मी समजत होतो, तिला ओढच उरली नाही! लोकांच्या रानाचे बांध मोजण्यात माझी नोकरी गेली, पण घरापासून देवळापर्यंतची ३२० पावलं कधी मोजली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली ३३ शहरांतल्या वृद्धांना विचारून मार्गदर्शिका काढली. दिल्ली आणि उदयपूर त्यांत होती. बसायची जागा, संडास, रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ, अशाच साध्या गोष्टी त्यात आहेत. मी मात्र घरच्या म्हातारीला विचारलं नव्हतं.

गावी येऊन पार पाहिला. छातीएवढा उंच, पोरांनी उडी मारून बसावं असा. आईला सोपं गेलेलं बाक मी वितीनं मोजून आणलं होतं: दोन विती, म्हणजे दीड फूट. त्याहून खाली बसलं की उठताना गुडघे धरतात. विहिरीच्या बांधकामातले घडीव दगड पडून होते. सरपंचांना विचारून त्यांतले दोन वाटेवर त्या उंचीनं बसवले.

तिसऱ्याची जागा ज्यांच्या भिंतीलगत येते ते गृहस्थ म्हणतात, पत्ते कुटणारी पोरं बसतील. तेही खोटं नाही म्हणा. आई सध्या रोज दुसऱ्या दगडापर्यंत जाते. तिथून कळस दिसतो. मी रविवारी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे, या खेपेला आईला बरोबर घेऊन.