लांबीखालचा पत्रा

जुनी गाडी घेणारा नुसती गाडी घेत नाही, आधीच्या मालकाचा स्वभावही घरी आणतो. माझ्या प्रीमियर पद्मिनीबरोबर महाडजवळच्या सवला आलेला स्वभाव आधी उतावळा वाटला, मग चिक्कू आणि शेवटी थोडा लबाड.

कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशे म्हणून बनू लागलेली ही गाडी सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, मागे पाटे, बॉनेट उघडलं की समजेल अशी रचना. कुठल्याही मेस्त्रीला ती परकी नव्हती. हेच तिचं भाग्य आणि हाच तिचा भोग, कारण ज्याला त्याला तिला हात लावावासा वाटला. आजही सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे निघालेले लोक थांबतात, “आमच्या काकांकडे होती” म्हणतात आणि एखादा उपाय सुचवून जातात.

तसलेच उपाय आत सापडत गेले. फ्यूजच्या जागी तांब्याची तार. पेट्रोलच्या टाकीला साबण. रेडिएटरच्या तळाशी हळदीचा पिवळा गाळ. यातल्या साबणाला आणि हळदीला मी नावं ठेवणार नाही. आंबेनळी घाटात पाऊस कोसळतोय, गाडीत घरची माणसं आहेत आणि रेडिएटर गळतोय, अशा वेळी चिमूटभर हळद म्हणजे शहाणपणच. बिघडतं ते घरी पोहोचल्यावर. गळती थांबली म्हणून हळद तशीच राहिली, बारीक नळ्यांत बसली आणि इंजिन तापू लागलं. मग कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला. आता इंजिन नीट गरमच होईना, पेट्रोल मात्र जास्त पिऊ लागलं. त्यामुळे दुरुस्ती उलट्या क्रमाने करावी लागली: शेवटची पळवाट आधी बुजवायची, मग तिच्या आधीची.

दारांची गोष्ट वेगळी. खालच्या कडेला चुंबक लावला तर चिकटेना. रंगाखाली बोटभर लांबी, म्हणजे पुट्टी, आणि लांबीखाली पत्र्याच्या जागी गंजाचा भुगा. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतंच. ते जावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. लांबीने तीच बुजवली होती. महाड-पोलादपूरच्या पावसात दार आतून कुजत राहिलं आणि बाहेरून चकाकत राहिलं.

हळद घातली होती घरी पोहोचण्यासाठी, लांबी भरली होती गाडी विकण्यासाठी. कोणतं सामान वापरलं हा मुद्दाच नाही. लांबी चांगल्या पत्र्यावरही लावतात. केलेलं काम पुढच्याला दिसावं म्हणून केलं की दिसू नये म्हणून, एवढंच पाहायचं. जुलै २०२१च्या महापुरानंतर महाडकरांना हे वेगळं सांगायला नको. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या सीटा काढून, वायरिंगचे जोड सोडवून गाळ धुणं एक, आणि वरून पॉलिश मारून गिऱ्हाईक शोधणं दुसरं.

कुजलेला भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, भोकं मोकळी ठेवली. सुटे भाग मात्र आता सहज मिळत नाहीत. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि तिच्या जिवावर चालणारा बाजारही आटत चालला. त्यामुळे जुन्यातलं चांगलं ते ठेवलं. सायलेन्सर धरायला आधीच्या मालकाने लोखंडी पट्टीचा एक कंस बसवला होता. मूळचा नाही, पण मापात कापलेला, कडा घासलेल्या. त्याच हाताला नीट कामही येत होतं तर!

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवलीय. कुठली वायर बदलली, कुठे हळद होती, सगळं तिच्यात आहे. मागच्या डाव्या बाजूच्या तळाला सध्या नुसतं ठिगळ आहे, तेही तारखेसकट लिहिलंय. गाडी विकायची वेळ आलीच, तर किमतीचं बोलण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात वही देईन. चार पैसे कमी येतील. येऊ देत.