मावशीच्या नावाची धाव

आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव कुठेतरी उपयोगाच्या जागी लिहून ठेवायची रीत आहे. देवळाच्या पायरीवर, सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यावर, एसटी स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर, शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं आपण वाचत आलो आहोत. मला ही रीत मनापासून आवडते. बाकावर टेकलेल्या म्हातारीला ते नाव वाचता येत असेल-नसेल, पण तिच्या पाठीला आधार मिळतो. कुणाची तरी माया अशी अनोळखी माणसाच्या वाट्याला येते.

मावशी गेल्यापासून तिच्या नावाने काय करावं, हे मनात घोळत होतं. ती सांगलीजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होती. कर्करोगाचं निदान झालं आणि तिच्या परळच्या वाऱ्या सुरू झाल्या. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून माणसं येतात. त्यांच्यापुढे उपचारांइतकाच मोठा प्रश्न असतो मुक्कामाचा. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये गावी जावं तर प्रवास झेपत नाही, मुंबईत राहावं तर भाडं परवडत नाही. कितीतरी कुटुंबं तिथल्या फुटपाथवरच दिवस काढतात. मावशीला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे बंगालमधून आलेली एक बाई आणि तिचा लहान मुलगा होता. आजार मुलाला होता. मावशीतली मास्तरीण गप्प बसणं शक्यच नव्हतं. बेस्टच्या बसवरचे देवनागरी आकडे दाखवून तिने त्याला मराठी अंक शिकवले. लांबून येणाऱ्या बसचा नंबर त्याने बरोबर ओळखला की सुयांनी काळेनिळे पडलेले हात उचलून ही टाळ्या वाजवायची.

तिच्या नावाने काही करायचं तर ते या मुक्कामासाठी, हे मग आपोआप ठरलं. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावणारे असतात, अर्ध मॅरेथॉनवाले असतात, आणि माझ्यासारख्या नवख्यांसाठी सुमारे सहा किलोमीटरची ‘ड्रीम रन’ असते. एखादी संस्था निवडायची, तिच्यासाठी आप्तेष्टांकडे मदत मागायची. जमलेली रक्कम त्या संस्थेला जाते. परळला येणाऱ्या रुग्णांच्या राहण्या-जेवणाची सोय पाहणारी एक संस्था मी निवडली.

कुणापुढे हात पसरायचा नाही, हे आमच्या घरातलं बाळकडू. त्यामुळे पहिला निरोप पाठवताना जीव वरखाली झाला. पण उत्तरं येऊ लागली आणि पैशांसोबत मावशी येऊ लागली. एका माजी विद्यार्थ्याने कळवलं, ‘बाईंनी माझे सहलीचे पैसे भरले होते आणि घरी कळू दिलं नव्हतं.’ मंडईतल्या भाजीवाल्या आजींनी नातवाच्या मोबाइलवरून शंभर रुपये पाठवले आणि सांगितलं, ‘बाई उरलेली मेथी मुद्दाम घ्यायच्या, मला लवकर घरी जाता यावं म्हणून.’ यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, फोनवर एवढंच विचारलं, ‘बूट चांगले घेतलेस ना?’ त्या प्रश्नात त्यांचं सगळं होतं.

स्मरण म्हणून धावणं आपल्या मातीला नवं नाही. आषाढी वारीत वेळापूरच्या अलीकडे ‘धावा’ होतो. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरी आजही त्या उतारावर टाळ-पताका सावरत धावतात. शेकडो वर्षांपूर्वीची एका माणसाची ओढ ते स्वतःच्या पायांत घेतात.

मरीन ड्राइव्हवर पोचेपर्यंत माझ्या बरगडीखाली कळ येऊ लागली होती. पाठीवर कागद लावला होता, ‘मावशीसाठी’. शेजारून धावणाऱ्या एका काकांनी तो वाचला. त्यांच्या छातीवर एका बाईंचा फोटो होता. ‘आजार कोणता?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, ‘हिलाही तोच.’ मग आम्ही बराच वेळ एकाच वेगाने धावलो. घरी सांत्वनाला आलेल्यांपुढे मला कधी रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. थांबावंसं मात्र वाटलं नाही.

परळचं ते रुग्णालय ज्या स्मरणातून उभं राहिलं, त्याचाही धावण्याशी संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटा भारावले, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली भारतीय खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. पुढे १९३१ मध्ये दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. साडी नेसून टेनिस खेळणारी ती बाई. १९३२ मध्ये दोराबजींनी त्यांच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी उभारला आणि त्याच वर्षी स्वतःही गेले. परळचं रुग्णालय उघडलं ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. ते त्यांनी पाहिलं नाही. पण एका माणसाला सहन न झालेल्या वियोगाचं पुढे लाखोंच्या उपचारात रूपांतर झालं, आणि त्या लाखोंत माझी मावशीही होती. मेहेरबाईंचं नाव तिने कधी ऐकलं नसेल. त्यांच्या वाट्याची माया मात्र तिला मिळाली.

दोराबजींचं औदार्य मोठं, आमची रक्कम लहान. दुःखाला काम द्यावं, हे मात्र दोन्हींकडे सारखंच. नुसतं उराशी धरलेलं दुःख आपल्यालाच पोखरतं. कामाला लावलं तर कुणाच्या तरी चार रात्री छपराखाली जातात. मावशीच्या काही विद्यार्थ्यांनी पुढच्या जानेवारीत धावायचं ठरवलं आहे. परळला नव्याने येणारी माणसं तिला ओळखत नाहीत, ओळखण्याची गरजही नाही. हयातभर तिनेही समोरच्याची ओळख विचारून मदत केली नव्हती.