एका कृतीचा शोध

पन्नाशी उलटली म्हणजे मनुष्यास कांहीं ना कांहीं खूळ लागतें. कोणी वंशावळ जमवूं लागतो, कोणी पहाटे उठून टेकडी चढतो, कोणी जन्मभर न उघडलेली ज्ञानेश्वरी उघडून बसतो. आमच्या वांट्यास आलेलें खूळ सांगावयास थोडें लाजिरवाणें आहे. गेलीं तीन वर्षें आम्ही ज्वारीच्या बिबड्यांची एक कृति शोधीत होतों.

बिबडे म्हणजे काय, हें खानदेशाबाहेरील वाचकांस आधीं सांगितलें पाहिजे. ज्वारीस पाण्याचा हात लावून ती उखळांत सडावयाची, कोंडा पाखडून टाकावयाचा, दाणे तीन दिवस भिजत घालावयाचे आणि आंबूस वास सुटला म्हणजे ते धुऊन, निथळून जाडसर भरडावयाचे. मग मोठ्या पातेल्यांत पाणी उकळून त्यांत मीठ, तिखट, तीळ, जिरें आणि वाटलेला लसूण घालून ती भरड वैरावयाची व लांब लाकडी दांड्यानें घोटीत राहावयाचें. जें तयार होतें त्यास घाटा म्हणतात. घाटा गरम असतांनाच त्याचे गोळे ओल्या धोतरावर पाण्याच्या हातानें थापतात आणि उन्हांत वाळवितात. हे बिबडे वर्षभर टिकतात. भाजून किंवा तळून, शेंगदाण्यांबरोबर खातात. गरम घाट्यावर तेलाची धार, आणि दुसऱ्या दिवशीं धोतरावरून चोरून उचललेला अर्धा ओला बिबडा, हे दोन पदार्थ ज्यानें लहानपणीं खाल्ले नाहींत त्यास चैत्राचें ऊन कशासाठीं असतें हें कळावयाचें नाहीं, असें आमचें मत आहे, व तें बदलण्याची आमची इच्छा नाहीं.

आतां कोणी विचारील कीं बिबडे हरवले आहेत कोठें? जळगांवच्या बाजारांत ते पिशव्या भरून मिळतात. मिळतात खरे, आम्हीं ते आणलेही. परंतु ते आमच्या आईचे नव्हते. आईच्या बिबड्यांत आधीं ज्वारीचा आंबटपणा जिभेवर येई, मागून जिरें, आणि अगदीं शेवटीं तीळ. कोणी कोणाच्या अंगावर पडत नसे. आम्ही पुण्यास वसतिगृहांत राहून शिकत होतों तेव्हां दर जूनमध्यें पत्र्याच्या डब्यांतून ते येत. डबा संपला म्हणजे तळाशीं उरलेला चुराही आम्ही बोटानें टिपून खात असूं. आई जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. ती असतांना हें कसें करतात असें आम्हीं तिला एकदांही विचारलें नाहीं. इंग्रजी कवींचे पाठभेद लावण्यांत ज्यानें तीस वर्षें घालविलीं, त्यानें घरांतील मूळ प्रत हातची जाऊं द्यावी, याला काय म्हणावें?

प्रथम आम्ही पुस्तकांकडे वळलों, कारण दुसरीकडे वळण्याची आम्हांस संवय नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' 1875 सालचें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' 1910 चें. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 ची. वाचावयास तिन्ही पुस्तकें मोठीं गोड. परंतु छापील मराठी स्वयंपाकघराच्या खिडक्या बहुधा पुण्यामुंबईकडे उघडतात. तापीकांठचा वारा त्यांतून क्वचितच आंत येतो. शिवाय प्रमाणाचा प्रश्न होताच. इंग्लंडांत एलायझा ॲक्टन या बाईंनीं 1845 च्या आपल्या पुस्तकांत प्रत्येक कृतीखालीं साहित्याचें माप आणि लागणारा वेळ वेगळा मांडून दाखविला. पुढें 1896 सालीं अमेरिकेंतील फॅनी फार्मर या बाईंनीं चमचा भरून तो सुरीनें सपाट करावयास शिकविलें. पाश्चात्यांच्या या शिस्तीचें आम्हांस कौतुक आहे. पण आमच्या आईजवळ चमचा असला तरी तो सपाट करण्याची सुरी नव्हती. तिचें माप मुठीचें, आणि तीही त्या त्या दिवसाच्या मुठीचें. इंग्रजींत पाककृतीस जो शब्द आहे तो लॅटिन आज्ञार्थापासून आलेला, आणि त्याचा अर्थ 'घे' असा आहे. वैद्याच्या चिठ्ठीच्या आरंभीं तोच असे. आपण 'कृति' म्हणतों. आईच्या तोंडीं या दोहोंपैकीं एकही शब्द नव्हता. ती नुसतें 'करते' म्हणे.

पुस्तकांनीं हात टेकले तेव्हां आम्हीं नात्यांतील पांच वडीलधाऱ्या बायकांना विचारून पांच कृति उतरून घेतल्या. त्यांची तुलना करतांना जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांविषयीं आमचा आदर दुणावला. एकींत ज्वारी दोन दिवस भिजते, दुसरींत पांच. एक ताक घालावयास सांगते, दुसरीस ताकाचें नांव काढलेलें खपत नाहीं. तिसरी हिरव्या मिरचीची, चौथी लालेची. फक्त लसणाविषयीं पांचही जणींचें एकमत होतें. या एकमतावर विसंबून आम्हीं आमच्या चौथ्या मजल्यावरील सज्जांत तीन उन्हाळे प्रयोग केले. पहिल्या वर्षीं घाट्याच्या गांठी झाल्या. दुसऱ्या वर्षीं पारव्यांनीं आमच्याआधीं चव घेतली. "वास चांगला सुटला आहे," असें आमचें कुटुंब म्हणालें, "शेजारून दोनदां येऊन विचारून गेले, गॅस गळतोय का म्हणून." तिसऱ्या वर्षीं बिबडे दिसावयास हुबेहूब झाले. आम्हीं एक भाजला, तोडला, आणि डोळे मिटले. पण लसूण असा कांहीं पुढें येऊन उभा राहिला कीं त्याच्यामागें दुसरें कोणी दिसेना. लसूण कमी केला तरी तो पुढेंच.

म्हणून गेल्या चैत्रांत आम्ही असोद्यास गेलों. असोदा हें आमच्या आईचें माहेर. जळगांवाबाहेर पडलें कीं फारसें दूर नाहीं. बाहेरच्या लोकांस हें नांव ठाऊक असतें तें भरितामुळें. जळगांवच्या भरिताच्या वांग्यास 2016 सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें; बिबड्यांकडे अद्याप कोणत्या सरकारचें लक्ष गेलेलें नाहीं, हें एकापरी बरेंच झालें. दुसरें कारण बहिणाबाई चौधरी. त्यांचा जन्म याच गांवांतला, 1880 चा. त्यांना अक्षरओळख नव्हती. दळतांना, शेतांत काम करतांना त्या जें गात तें त्यांचे पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनीं वेळोवेळीं टिपून ठेविलें. बाई 1951 च्या डिसेंबरांत वारल्या, आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें 1952 सालीं तीं गाणीं पुस्तकरूपानें जगापुढें आलीं. आतां जळगांवच्या विद्यापीठास 2018 पासून त्यांचेंच नांव आहे. ज्या बाईस सही करतां येत नव्हती तिच्या नांवानें पदव्या दिल्या जातात, ही गोष्ट आम्हां पदवीधरांनीं मधूनमधून आठवावी अशी आहे.

त्या गाण्यांतील लेवा बोली ती आमच्या आईची बोली. आम्हीही दहावीपर्यंत तीच बोलत होतों. पुण्यास गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आम्हीं ती उतरवून ठेविली, जसा पाहुणा दारांत जोडा उतरवितो तशी. फरक इतकाच कीं पाहुणा जातांना जोडा पुन्हां घालतो. सोपानदेवांजवळ आमच्यापेक्षां अधिक कांहीं होतें काय? कवि होते, हें खरें. पण त्याआधीं, आई बोलूं लागली म्हणजे ते ऐकत होते.

मामींचें वय ऐंशींच्या पुढें गेलें आहे. आम्हीं वही, पेन आणि पुण्याहून मुद्दाम आणलेला वजनकांटा ओसरीवर मांडला, तेव्हां त्या कांट्याकडे त्यांनीं बराच वेळ पाहिलें.

"सोनं मोजतो का रे भाऊ?" त्या म्हणाल्या.

मग चौकशीस आरंभ झाला. ज्वारी कोणती? तर दादर भाकरीला चांगली, पण बिबड्यांना त्यांस हवी ती पूर्वीची उंच धाटांची खरीप ज्वारी. ती आतां त्यांच्या शिवारांत कोणी पेरीत नाहीं. संकरित ज्वारीचा पहिला वाण आपल्या देशांत 1964 सालीं आला, ठेंगणा आणि लवकर येणारा, आणि त्याच्या मागोमाग इतर आले; मामांच्या शेतांत तर ज्वारीच्या जागीं केळी उभी राहून किती वर्षें झालीं हें मामींसही सांगतां येईना. म्हणजे आमच्या कृतींतील पहिलाच शब्द निघून गेला होता. मामींस त्याचें विशेष वाटलें नाहीं. जी मिळेल ती ज्वारी त्यांनीं तीन दिवस आधींच भिजत घातली होती. मीठ किती? "लागीन तेवढं." पाणी? "घाटा मांगते तेवढं." उतरवावयाचें केव्हां? यावर त्यांनीं दांडा आमच्या हातांत दिला. आम्ही घोटूं लागलों, आणि खरोखरच दहा-पंधरा मिनिटांनीं दांडा जड झाला, मग एकाएकीं हलका झाला, पातेल्याच्या कडेस लागलेला घाटा सुटून आला. वहींत आम्हीं 'दांडा हलका होईपर्यंत' असें लिहिलें. तीन वर्षांत मिळालेलें हें आमचें पहिलें विश्वसनीय प्रमाण.

पण तें मागाहून. त्याआधीं, पाणी उकळत असतां, मामींनीं वाटलेल्या लसणाची वाटी उचलली आणि तशीच हातांत धरून विचारलें, "तुले चालते का आता लसून?"

आम्ही म्हणालों, न चालावयास काय झालें?

"तुह्या डब्यात तर तिनं कधी घातला नाही."

मग मामींनीं जें सांगितलें तें थोडक्यांत असें. आमच्या घरीं आंगण लहान, म्हणून आई दर चैत्रांत बिबड्यांसाठीं माहेरीं येई. आम्ही पुण्यास गेलों त्याच्या पहिल्या वर्षीं डबा नेहमींचाच गेला होता. त्यावर आमचें पत्र आलें. तें आईनें असोद्यास आणलें आणि मामांकडून पुन्हां वाचून घेतलें. खोलींतील मुलें लसणाच्या वासावरून हंसतात, गांवढळ म्हणतात, तरी असले पदार्थ पाठवूं नयेत, असा त्यांत मजकूर होता. आई कांहीं बोलली नाहीं. त्या वर्षीं तिनें पाटावरवंटा घासून काढला, आणि सर्वांच्या आधीं एका लहान पातेल्यांत बिनलसणाचा थोडासा घाटा शिजविला; तो थापून झाला तेव्हां मग घरचा मोठा घाटा चुलीवर चढला. पुढें जोंवर डबा जात होता तोंवर दर वर्षीं हाच क्रम.

तें पत्र आम्ही विसरलों होतों. डबा आठवत होता, चव आठवत होती, पत्र नाहीं. दुसऱ्या वर्षीं डबा आला तेव्हां आम्हीं काय समजूत करून घेतली होती हें मात्र मामी बोलत असतां स्वच्छ आठवलें. आईस आमचें लिहिणें कळलेंच नाहीं, अडाणी माणसांस एकदां सांगून समजत नाहीं, असें आम्हीं मनाशीं म्हटलें, डबा खाटेखालीं ढकलला, आणि रात्रीं सर्वजण निजल्यावर काढून खाल्ला. कोणी हंसलें नाहीं. कां हंसलें नाहीं, याचा आम्हीं विचार केला नाहीं.

पांच जणींच्या पांच कृतींत ती चव नव्हती याचें कारण आतां उघड होतें. ती असोद्याची नव्हती, खानदेशाचीही नव्हती. ती एका पत्रास दिलेलें उत्तर होतें, आणि तें ज्याला दिलें त्यानें उघडून वाचलें नाहीं.

"सांग ना, घालू का नको?" मामी म्हणाल्या. पाणी उकळून वर येऊं लागलें होतें. आमच्यानें लवकर बोलवेना. मामींनीं थोडा वेळ वाट पाहिली, मग मोठ्या पातेल्यांतील दोन तांबे पाणी काढून लहान पातेल्यांत ओतलें व तें बाजूच्या चुलीवर ठेविलें. वाटींतील लसूण मोठ्यांत गेला.

लहान पातेल्यांतील घाटा आम्हींच घोटला. मामींनीं बशींत घालून वर तेलाची धार सोडली. आंबटपणा आधीं आला, मागून जिरें. तीळ यावयास थोडा उशीर झाला. तंतोतंत तसाच होता काय? नव्हता. ज्वारी निराळी होती, आणि मामींच्या मतें आमची जीभही म्हातारी झाली आहे. पण ओळखूं येत होता.

दुपारीं गच्चीवर दोन धोतरें पसरून आम्हीं बिबडे थापले. आमचे वेडेवांकडे, मामींचे एकसारखे वाटोळे. नंतर आम्ही जिन्याच्या सांवलींत वही घेऊन बसलों. तीळ, जिरें, मीठ, दांडा, सारें क्रमानें लिहून झालें. 'लसूण' असें लिहिलें आणि त्यापुढें काय लिहावें याचा विचार करीत असतां खालून मामींचा आवाज आला:

"भाऊ, वही ठेव न चिमण्या हाकल!"

लहान धोतरावर खरोखरच दोन चिमण्या उतरल्या होत्या. आम्हीं वही मिटली आणि काठी शोधूं लागलों.