भांड्यावरचं नाव

पितळी पातेलं घ्यायचं म्हटलं की जुन्या पुण्यातला माणूस आजही बुधवार पेठेत तुळशीबागेकडे वळतो. भांड्याला टिचकी मारून आवाज ऐकतो, काठावरून बोट फिरवतो. मग दुकानदार ते काट्यावर ठेवतो, कारण किंमत ठरते वजनावर. घरातलं चेपलेलं, गळकं भांडं सोबत आणलं असेल तर त्याची मोड वजा होते. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये ज्या राममंदिराचं काम सुरू केलं, त्याच्या आसऱ्याने हा बाजार वाढला.

अशा दुकानांपुढे आता एक नवा प्रश्न आहे. निवडक, हातच्या वस्तूच ठेवणाऱ्या ऑनलाइन बाजारांत माल द्यावा की नाही? माझं मत विचाराल तर द्यावा. न्यू जर्सीतल्या आजीला नातीसाठी पितळी भातुकली हवी असते. ती तुळशीबागेत कधी येणार? वेबसाइटवर एवढ्याशा चुली, एवढ्याशा कळशा पाहून ती हरखते, आणि चारपट दराने का होईना, घेते. शेजारच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या या कारागिरांचं गिऱ्हाईक स्टील आणि प्लॅस्टिकने पळवलं. वारसा जपणाऱ्या ‘इन्टॅक’ या संस्थेच्या पुणे शाखेने त्यांच्यासोबत काम केलं आणि त्यांचं मठारकाम दिवे, वाडगे, शोभेच्या थाळ्या अशा नव्या रूपांत पुढे आलं. मठारकाम जवळून पाहावं. हातोडीचा प्रत्येक ठोका मागच्याला खेटून बसतो, ओळ वाकडी होत नाही. त्या ठोक्यांनी पत्रा कडकही होतो आणि चमकतोही. हे काम ओळखून त्याचं मोल देणारं गिऱ्हाईक दिल्ली-बंगळूरला आहे, आणि त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये कुणीतरी पारखी लागतोच.

कायद्याची अडचणही थोडी सैल झाली आहे. पूर्वी ऑनलाइन बाजारातून माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून चाळीस लाखांच्या आतल्या विक्रेत्याला आपल्या राज्यापुरती नोंदणीशिवाय विक्री करता येते. म्हणजे नाशिक-नागपूरला माल पाठवून अंदाज घ्यायला हरकत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. निवड कुणाच्या हातात, आणि उद्या ती कुणाच्या हातात जाईल? हातच्या वस्तूंसाठी २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘एट्सी’ने २०१३ मध्ये बाहेरच्या कारखान्यांतून माल बनवून घ्यायलाही परवानगी दिली. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथलं कमिशन पाच टक्क्यांवरून साडेसहा टक्के झालं. हजारो विक्रेत्यांनी निषेध म्हणून आपली दुकानं आठवडाभर बंद ठेवली, तरी वाढ कायम राहिली. आपल्याकडचं ‘जयपोर’ हे अशाच वस्तूंचं ऑनलाइन दुकान २०१९ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या कपड्यांच्या कंपनीने घेतलं. मोठ्या घरात गेल्याने वाईटच होतं असं नाही. पण आपली सगळी विक्री ज्याच्या दारातून होते, त्या दाराचा मालक बदलताना आपल्याला कुणी विचारत नाही, हे लहान दुकानदाराने आधीच धरून चालावं.

आणि कल्हई! पितळेच्या पातेल्याचा धंदा विकून संपत नाही. वापरून आतली कल्हई उडते, आंबट पदार्थ कळकतो, मग भांडं परत येतं. आईचं पातेलं घेऊन मी कल्हईवाल्यासमोर कितीदा तरी उभा राहिलो आहे. भांडं तापतं, नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उसळतो, कथलाची कांडी फिरते आणि कापसाच्या बोळ्याखाली काळवंडलेला तळ क्षणात चांदीसारखा होतो. त्या खेपेला दुकानदाराशी चार शब्द होतात, बहिणीच्या लग्नाचा विषय निघतो, रुखवताची भांडी तिथेच ठरतात. ऑनलाइन गिऱ्हाइकाचा फोन नंबर बऱ्याचदा दुकानदाराला मिळतच नाही. खोक्यात स्वतःचं कार्ड घालायलाही अनेक ठिकाणी मनाई असते. गिऱ्हाईक लक्षात ठेवतं ते वेबसाइटचं नाव.

म्हणून भातुकली, निरांजनं, मठारलेले वाडगे तिकडे खुशाल पाठवावेत. घंगाळं, बंब, मोठी पातेली दुकानातच ठेवावीत. त्यांचं वजन, मोड, कल्हई हे सगळं समोरासमोरचं काम आहे. एकाच वेबसाइटवर निम्म्याहून जास्त विक्री जाऊ लागली तर तिथला माल थोडा आवरावा, सणासुदीची मोठी मागणी असली तरीही. मोह होईल, पण मागणी तिथून आटली तर पेठेतलं जुनं गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे गेलेलं असेल.

शिवाय आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची जुनी रीत आहेच. आजीच्या तांब्यावर तिचं नाव, तारीख आणि ‘यांजकडून भेट’ अजून वाचता येतं. दुकानदाराने तिकडे जाणाऱ्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला बाहेरून आपल्या दुकानाचं नाव आणि ‘तुळशीबाग, पुणे’ एवढं ठोकून घ्यावं, आणि करार करताना या एका गोष्टीवर अडून बसावं.