तीनशे वर्षांचे आजोबा

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदी आनंद! तरीही मराठी विभागात लिहितेय, कारण ही गोष्ट अण्णांची आहे. अण्णांना इंग्रजीत आणणं मला जमणार नाही.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. गेल्या वर्षी ऐन सबमिशनमध्ये बाबांचा फोन आला. रात्रीची एसटी पकडून सांगली गाठली. अण्णा आयसीयूत, वय ९१. सिस्टर दर तासाला बीपी, नाडी, ऑक्सिजनचे आकडे मोठ्या तक्त्यावर लिहायच्या. नवव्या दिवशी अण्णा गेले. तक्ता फाईलमध्ये गेला, फाईल कपाटात. एवढ्या आकड्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

यंदा प्रोजेक्टचा विषय शोधताना डॉ. लिओ अँथनी सेली भेटले (कागदावरच हो!). मूळचे फिलिपिन्सचे, बॉस्टनमध्ये आयसीयूचे डॉक्टर आणि एमआयटीत संशोधक. त्यांच्या प्रयोगशाळेचा 'मिमिक' नावाचा डेटाबेस आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत २००१ ते २०१२ मधल्या चाळीस हजारांवर आयसीयू पेशंटचे आकडे आहेत, नावं पुसून, अभ्यासकांना मोफत. आधीच्या पेशंटची नोंद पुढच्याच्या कामी यावी, हा त्यामागचा विचार. सेली डॉक्टर, नर्स आणि इंजिनिअर यांना एकाच टेबलावर बसवतात, आणि डेटावर आंधळा विश्वास ठेवू नका असंही बजावतात. ते खरंच आहे. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र कृष्णवर्णीय पेशंटमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतं, असं २०२० च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

हे सगळं वाचूनही मी माती खाल्लीच. ट्रेनिंग कोर्स केला, करारावर सही केली, डेटा मिळाला. वयाचा आलेख काढला तर काही पेशंट चक्क तीनशे वर्षांचे! मी हसले आणि एका ओळीच्या कोडने सगळे उडवले. ॲक्युरसी मस्त आली.

रिव्ह्यूला सरांनी विचारलं, "हे पेशंट कुठे गेले?"

"सर, एरर होता. तीनशे वर्षं कोण जगतं?"

"डॉक्युमेंटेशन वाचलंस?"

नव्हतं वाचलं. रूमवर येऊन वाचलं. ८९ च्या पुढची माणसं थोडीच असतात, वयावरून ओळखू येऊ शकतात. म्हणून त्यांची जन्मतारीख मुद्दाम मागे सरकवलेली, वय तीनशेच्या वर दिसेल अशी. म्हणजे मी उडवलेला एकूण एक जण नव्वदीचा आजोबा नाहीतर आजी होता.

त्या रात्री मेसला गेले नाही. अण्णा त्या डेटात असते तर त्यांनाही मीच बाहेर काढलं असतं, आणि वर हसलेही असते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परत घेतलं, 'नव्वदीचे' असा वेगळा गट केला. ॲक्युरसी उतरली. रिपोर्टमध्ये तीच लिहिली. सरांनी काही न बोलता सही केली.