नाळेचा रिपोर्ट

● अमेरिकेत काही बाळांच्या नाळेचा सुमारे सहा इंचांचा तुकडा लॅबमध्ये जातो. त्यातलं रक्त निपटून काढतात, तुकडा सलाइनने धुतात, टिपून कोरडा करतात आणि डबीत बंद करतात. गरोदरपणाच्या शेवटच्या काही महिन्यांत आईच्या पोटात कोणती औषधं किंवा अमली पदार्थ गेले, याचा माग त्यात राहतो.

● बाळाची पहिली शी हिरवट-काळी, डांबरासारखी चिकट. ती गर्भातच महिनोन् महिने साठते, म्हणून तिच्यातूनही बरंच मागचं कळतं. लघवीतून मात्र शेवटचे काही दिवसच.

● ब्रोमाझोलम, फ्लुअल्प्राझोलम, क्लोनाझोलम. झोपेच्या आणि चिंतेच्या नेहमीच्या औषधांचे (बेंझोडायझेपिन, म्हणजे ‘बेंझो’) रेणू थोडे बदलून केलेली ही रसायनं नकली गोळ्यांतून विकली जातात. घेणारीला आपण नेमकं काय गिळलं, हेही अनेकदा ठाऊक नसतं.

● प्राथमिक चाचणी फार तर औषधाचं कुळ सांगते, नाव नाही. नाव मास स्पेक्ट्रोमीटर सांगतो. पण नेहमीच्या तपासणीत यादीत असलेलीच रसायनं शोधली जातात. जनावरांना गुंगी आणणारं झायलाझीन तर बेंझोच्या चाचणीत येणारच नाही. ‘निगेटिव्ह’ म्हणजे यादीतलं काही सापडलं नाही, इतकंच.

● ‘पॉझिटिव्ह’चंही तसंच. प्रसूतीच्या वेळी दवाखान्यानेच दिलेलं फेंटानिल किंवा मिडाझोलम बाळाच्या नमुन्यात उतरू शकतं. आईचा औषधांचा कागद शेजारी ठेवल्याशिवाय रिपोर्ट वाचूच नये.

● तक्रार कोणाची होते, हेही बघा. फ्लोरिडातल्या पिनेलास काउंटीचा 1990 चा अभ्यास: गोऱ्या आणि काळ्या गरोदर स्त्रियांत अमली पदार्थ सापडण्याचं प्रमाण जवळपास सारखं, सरकारी यंत्रणेकडे तक्रार होण्याचं प्रमाण मात्र काळ्या स्त्रियांत सुमारे दहापट. पुढे 2001 मध्ये, पोलिसांना पुरावा मिळावा म्हणून संमतीशिवाय गरोदर स्त्रियांची तपासणी करणं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं.

● रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. पण औषधाचा परिणाम झालेलं बाळ आत्ता थरथरतंय, दूध ओढत नाहीये. उपचार बाळाकडे बघूनच करायचे असतात.

● चिंतेवरचं एटिझोलम भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. अमेरिकेत 2023 मध्ये ते नियंत्रित पदार्थांच्या सर्वांत कडक यादीत टाकलं गेलं. तिथे राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांनी इथून नेलेल्या गोळ्या डॉक्टरांना आधीच दाखवाव्यात. गरोदर आहोत म्हणून त्या परस्पर बंदही करू नयेत. अचानक थांबवल्या तर झटके येऊ शकतात.

● डॉक्टरांनाही एक विनंती: नाळ लॅबकडे पाठवण्याआधी आईला विचारा, कशासाठी ते समजावून सांगा. शिक्षेची भीती वाटली तर ती दवाखान्यातच येणार नाही, आणि त्यात नुकसान बाळाचंच होईल.