सेटअप चालू आहे

नव्या नोकरीतला पहिला आठवडा कोड लिहिण्यात जातो असं ज्याला वाटतं, त्याने आयटीत काम केलेलं नसतं. पहिला आठवडा जातो इन्स्टॉल करण्यात. घरच्या वायफायवर जे काम वीस मिनिटांत होतं, तेच मोठ्या ग्राहकाच्या बंद नेटवर्कमध्ये आठ-दहा दिवस खातं. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मग एकच वाक्य म्हणावं लागतं : "सेटअप चालू आहे." पहिले तीन दिवस कुणी काही बोलत नाही. पाचव्या दिवसापासून लोक तुमच्याबद्दल मत बनवायला लागतात.

आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी लातूरकडच्या कॉलेजमधून एक मुलगी आली. फ्रेशर, सहा महिने प्रोबेशन. नवव्या दिवशी तिचं "सेटअप चालू आहे" ऐकून लीडने "अजून सेटअपच?" एवढंच विचारलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. दुपारी ती माझ्या डेस्कजवळ आली. "दादा, सगळं करून बघितलं, इन्स्टॉलच होईना गेलंय. माझंच काहीतरी चुकत असेल."

तिचं काहीच चुकत नव्हतं. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. नेमकं काय होत होतं ते सांगतो, म्हणजे पटेल.

अशा नेटवर्कमधून बाहेरच्या इंटरनेटवर थेट जाता येत नाही. मध्ये प्रॉक्सी बसलेला असतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा, फरक इतकाच की हा तुमच्या वतीने स्वतः दुकानात जाऊन सामान आणतो. कल्पना जुनी आहे. १९९४ साली जिनिव्हात सर्नमध्ये वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे आरी लुओटोनेन आणि केविन आल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवर निबंध वाचला होता. प्रॉक्सीचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवायचा आणि प्रोग्रामने तो वाचायचा, ही पद्धतही त्याच काळातली. ती कशी पाळायची याचं पक्कं स्टँडर्ड मात्र कुणी केलं नाही. प्रत्येक टूलने आपापला अर्थ लावला आणि भुर्दंड आपण भरतो.

ग्राहकाच्या आयटी विभागाने दिलेल्या कागदावर नमुना होता : युजरनेम, मग कोलन, मग पासवर्ड, मग ॲट, मग प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट. तिने तंतोतंत तसंच भरलं होतं. त्याच विभागाचा दुसरा नियम असा की पासवर्डमध्ये एक तरी विशेष चिन्ह हवंच. तिच्या पासवर्डमध्ये हॅश होता. आता वेब पत्त्यात हॅश आला की प्रोग्राम मुख्य पत्ता तिथेच संपला असं धरतो. म्हणजे हॅशच्या पुढचा सगळा भाग, खुद्द प्रॉक्सीच्या पत्त्यासकट, गायब. जे उरलं त्यात तिचं युजरनेम हे मशीनचं नाव झालं आणि अर्धा पासवर्ड झाला पोर्ट नंबर. प्रोग्राम तिच्याच नावाचं मशीन शोधत होता आणि पोर्ट चुकीचा आहे म्हणून तिलाच दोष देत होता. नऊ दिवस!

उपाय पाच सेकंदांचा. हॅशच्या जागी टक्का-दोन-तीन लिहायचं; ॲट असेल तर टक्का-चार-शून्य. पण हे त्या कागदावर नाही. माझ्या माहितीतल्या बहुतेकांना ते कुणीतरी शेजारच्या खुर्चीवरून सांगितलेलं आहे. ज्याचे चार मित्र आधीच आयटीत आहेत त्याला ग्रुपवर विचारून दहा मिनिटांत कळतं. जिच्या ओळखीत आयटीतलं कुणीच नाही, ती नऊ दिवस स्वतःवर संशय घेत बसते.

हॅश सुटल्यावर कर्ल चालू लागलं, ॲप्ट चालेना. कारण सुडो. सुडो लावून कमांड दिली की सुरक्षेसाठी तुमची बहुतेक व्हेरिएबल्स पुसली जातात, त्यात प्रॉक्सीही जातो. ॲप्टला त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये वेगळं सांगावं लागतं. डॉकरची तऱ्हा आणखी निराळी : इमेज आणतो तो मागे चालणारा डीमन, तुमचं टर्मिनल नव्हे, म्हणून त्याची सेटिंग सिस्टमडीमध्ये. आणि तिथे टक्क्याला खास अर्थ असल्यामुळे आपला टक्का-दोन-तीन दोन टक्के लावून लिहायचा. हे वाचून हसू आलं असेल तर हसा, आम्हीही हसलो.

कॅपिटलचा घोळ तर वेगळाच. एचटीटीपी प्रॉक्सीचं व्हेरिएबल कॅपिटल अक्षरांत लिहिलं तर कर्ल ते वाचतच नाही, लहान अक्षरांतलंच वाचतं. हा हट्ट वाटतो, पण त्याला कारण आहे. जुन्या सीजीआय पद्धतीत बाहेरून आलेल्या विनंतीतले हेडर कॅपिटल व्हेरिएबल बनून प्रोग्रामपर्यंत पोचतात. म्हणजे कुणीही परका माणूस 'प्रॉक्सी' नावाचं हेडर पाठवून तुमच्या सर्व्हरची वाहतूक स्वतःकडे वळवू शकतो. २०१६ मध्ये हा धोका 'एचटीटीपॉक्सी' या नावाने गाजला, कारण अनेक भाषांत तो तसाच पडून होता. कर्लने ते दार आधीच बंद ठेवलेलं होतं. मला असे हट्टी प्रोग्राम आवडतात.

शेवटी पिप अडलं, आणि खरा वाद इथे झाला.

ग्राहकाचा प्रॉक्सी एन्क्रिप्टेड वाहतूकही मध्येच उघडून तपासतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट लावून पुढे देतो. ब्राउझरमध्ये हे जाणवत नाही, कारण कंपनीचं रूट सर्टिफिकेट मशीनवर आधीच टाकलेलं असतं. पण पिप विश्वासू सर्टिफिकेटांची यादी स्वतःबरोबर घेऊन फिरतं. पिप २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर, ते मशीनची यादीही बघतं. आमच्या सर्व्हरवर पायथन ३.८ होतं. त्यामुळे पिपला मध्ये कुणीतरी तोतया बसलाय असं वाटत होतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं.

इंटरनेटवर याचं पहिलं उत्तर मिळतं ते म्हणजे पडताळणीच बंद करा, त्या साइटवर डोळे झाकून विश्वास ठेवा. लीडचंही तेच म्हणणं. शुक्रवारी डेमो होता. "एक फ्लॅग टाक आणि मोकळी हो." माझा याला विरोध होता आणि आजही आहे. पिप नुसत्या फायली उतरवत नाही. अनेक पॅकेजेस इन्स्टॉल होतानाच स्वतःचा कोड चालवतात. पडताळणी बंद ठेवून सर्व्हरवर इन्स्टॉल करणं म्हणजे पार्सल कुणी आणलं हे न बघता त्याला थेट स्वयंपाकघरात सोडणं. तो फ्लॅग डेमोपुरता राहत नाही, स्क्रिप्टमध्ये जातो आणि तीन वर्षांनी तो का आहे हे कुणाला आठवत नाही. उद्या काही बिघडलं तर स्क्रिप्टखाली नाव कुणाचं असणार? प्रोबेशनवरच्या मुलीचं.

मी हे सगळं बोलायच्या आधीच ती म्हणाली, "पण सर, ब्राउझर ज्याच्यावर विश्वास ठेवतो तेच सर्टिफिकेट पिपला दिलं तर?" नऊ दिवस ती एरर मेसेज वाचत बसली होती, ते वाया गेलं नव्हतं. रूट सर्टिफिकेट मागवलं, सर्व्हरच्या सर्टिफिकेटांच्या फोल्डरमध्ये टाकलं, यादी नव्याने बनवली. एकदा काहीच झालं नाही, कारण फाइलचं एक्स्टेन्शन पेम होतं आणि डेबियन कुटुंबातली कमांड सीआरटीच उचलते. नाव बदललं. मग पिपच्या कॉन्फिगमध्ये त्या यादीचा पत्ता दिला. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सगळी पॅकेजेस उतरली. तिने खुर्ची मागे सरकवली आणि आईला फोन लावायला बाहेर गेली.

तिच्या तीन महिन्यांच्या रिव्ह्यूमध्ये 'वेग' या रकान्यात कमी गुण होते. मी लीडशी बोललो, त्याने पुढच्या वेळी बघू म्हटलं. तिने मात्र ग्राहकाच्या आयटी विभागाकडे तिकीट टाकलं : प्रॉक्सीच्या कागदावर विशेष चिन्हांबद्दल एक ओळ वाढवावी. दोन दिवसांनी 'युजर एरर' असा शेरा मारून तिकीट बंद झालं. तिने ते परत उघडलं, सोबत नमुन्यातली ओळ, पासवर्डचा नियम आणि दोन्ही पाळल्यावर येणारा एरर जोडला. या वेळी सीसीमध्ये लीडही होता.